निरोप नको, माणूस भेटू द्या

वृद्ध माणूस बेपत्ता झाला की ‘शेवटचं कुणी, कुठं पाहिलं’ इथून चौकशी सुरू होते. माझ्या मते ती त्याआधीच्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी: त्यांच्या वतीनं दुसरंच कुणी कधीपासून बोलू लागलं? पैशासाठी गाठलेली म्हातारी माणसं एका दिवसात नाहीशी होत नाहीत. आधी त्यांचा फोन दुसरं कुणी उचलू लागतं, मग पासबुक आणि टपाल दुसऱ्याच्या ताब्यात जातं, आणि भेटायला गेलेल्याला ‘आत्ताच डोळा लागलाय’ म्हणून दारातूनच परतवलं जातं. यातला प्रत्येक खुलासा सुटा पाहिला तर पटण्याजोगाच असतो. म्हणूनच माझा आग्रह आहे की खुलाशावर समाधान मानू नका. माणूस प्रत्यक्ष आणि एकट्यानं भेटेपर्यंत चौकशी सोडू नका.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात डोरोथिया प्युएन्ते नावाची बाई एफ स्ट्रीटवरच्या घरात वृद्ध, आजारी, निराधार लोकांना ठेवून घ्यायची. जेवणखाण नीट असे, त्यामुळे समाजसेविकाही तिच्याकडे माणसं पाठवत. सरकारी मदतीचे चेक टपालानं येत, आणि ते टपाल ती इतरांच्या हाती लागण्याआधी स्वतः काढून घेई. याच बाईला १९८२ मध्ये वृद्धांना गुंगीचं औषध देऊन लुबाडल्याबद्दल शिक्षा झाली होती. सुटकेनंतर वृद्धांचं काम करायला तिला मनाई होती. देखरेखीचे अधिकारी घरी येऊन जात, तरी त्यांना वावगं काही दिसलं नाही. १९८८ मध्ये मानसिक आजार असलेला एक भाडेकरू दिसेनासा झाला. तो मेक्सिकोला गेलाय, असं ती सांगत राहिली. पुढे स्वतःला त्याचा नातेवाईक म्हणवणाऱ्या कुणीतरी, त्याला युटा राज्यात नेल्याचं फोनवर कळवलं. त्याला तिथं ठेवणाऱ्या समाजसेविकेला हे पटलं नाही. तिनं पोलिसांत तक्रार दिली. पोलीस त्या घरी आले, तेव्हा दुसऱ्या एका भाडेकरूनं तोंडानं प्युएन्तेच्या सांगण्याला दुजोरा दिला, पण ही बाई मला खोटं बोलायला लावते आहे, असं लिहिलेली चिठ्ठी हळूच पोलिसाच्या हातात सरकवली. ११ नोव्हेंबरला अंगण खणायला सुरुवात झाली. तिथं सात मृतदेह निघाले. मेलेल्यांचे पैसे ती उचलतच होती. १९९३ मध्ये तीन खुनांबद्दल ती दोषी ठरली आणि तिला जन्मठेप झाली.

त्या चिठ्ठीपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. जो सांभाळतो त्याच्याच छपराखाली विचारलेल्या प्रश्नाला कोणतं उत्तर मिळणार, हे तिच्यातून कळतं. देखरेखीला आलेल्यांनी घर पाहिलं, घरवालीची वागणूक पाहिली. समाजसेविकेनं मात्र आपला माणूस कुठं आहे, एवढंच विचारलं आणि त्या प्रश्नावरून ती हलली नाही.

हे परक्याच्या घरात होतं, आपली माणसं असली की भीती नाही, असं कुणी म्हणेल. पण टोकियोच्या अडाची भागात २०१० मध्ये शहरातले सर्वांत वयोवृद्ध पुरुष मानल्या गेलेल्या १११ वर्षांच्या आजोबांना भेटायला अधिकारी जात, आणि त्यांना कुणाला भेटायचं नाही, असं घरचे सांगत. अखेर त्या घरात सापडला तो तीसेक वर्षांपूर्वी मरण पावलेल्या माणसाचा सांगाडा. पेन्शनचे पैसे येतच होते. तेव्हा रक्ताचं नातं हा पुरावा नव्हे. आपल्याकडे तर बक्षीसपत्र आणि कुलमुखत्यारपत्र बहुधा घरातल्याच माणसाच्या नावे होतं, आणि आजारी व्यक्तीसाठी दुय्यम निबंधक घरी येऊनही दस्त नोंदवू शकतात. सोय चांगलीच आहे, पण कागद झाला तेव्हा खोलीत कोण होतं, हे विचारलं पाहिजे. जमिनीचा फेरफार मंजूर होण्याआधी हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस गावच्या चावडीवर लागते. जवळच्या कुणीतरी तिच्यावर नजर ठेवावी. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. म्हणून ती अट दस्तातच लिहून घ्यावी. मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याची सारासार विचार करण्याची शक्ती गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो, हेही बँकेला वेळीच कळवायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अशा चौकशीनं रात्रंदिवस सेवा करणाऱ्या सुनेचा, लेकीचा किंवा पगारी बाईचा अपमान होतो, आणि म्हाताऱ्या माणसालाही आपला पैसा हवा त्याला देण्याचा हक्क आहे. हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण आजी स्वतःच्या तोंडानं, कुणी शेजारी बसलेलं नसताना ‘मीच दिलं’ म्हणाल्या, तर तो हक्क वापरला गेला असं म्हणता येईल. सेवा करणाऱ्यालाही आठवड्यातून तासभर कुणी येऊन बसलं तर उसंतच मिळते, आणि उद्या उगाच आळ आला तर तेच साक्षीदार कामी येतात. भेट एकदा आणि संशयानं झाली तर टोचते. ती पहिल्यापासून, सगळ्यांच्या बाबतीत असली तर कुणाला खटकत नाही.

आणि माणूस नाहीसा झालाच, तर चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. हरवल्याची नोंद लगेच करता येते. सज्ञान आहेत, स्वतःच गेले असतील, असं ठाण्यात ऐकावं लागेल. गेलेही असतील; मग त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू द्या, एवढीच मागणी करावी. पळवून नेल्याचा किंवा फसवणुकीचा संशय असेल, तर तसं स्पष्ट लिहून गुन्हा नोंदवायला सांगावं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं आहे. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. तक्रारीसोबत फोटोइतक्याच गरजेच्या आणखी गोष्टी द्याव्यात: स्वतः शेवटचं बोलणं कधी झालं ती तारीख, पेन्शन कोणत्या बँकेत येते, अलीकडे कोणते दस्त झाले, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला कुणी सोबत जाऊन दिला. नाहीसं झाल्यानंतर खात्यातून पैसे निघाले असतील, तर त्या एटीएमचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यासाठी पोलिसांनी बँकेला त्याच दिवशी पत्र द्यावं, असा अर्जातच आग्रह धरावा. जुनं चित्रण काही काळानं पुसलं जातं.