मेंदूतील दोन हाका

'शिवाजी म्हणतो' हा खेळ आपल्या शाळांस नवा नाही. नुसते 'हात वर' म्हटले, तरी काही मुलांचे हात वर जातातच. वर्ग हसतो, परंतु शिक्षकाने पाठास आरंभ तेथेच करावा. हात का उठला? मुलांस सांगावे की, मेंदूत दोन हाका उठतात : 'कर' आणि 'थांब'. सवयीची पहिली हाक लवकर पोहोचते. दुसरी कपाळामागील अग्रभागाकडून येते, म्हणून किंचित उशिरा. सहाव्या वर्षी मेंदूचा आकार प्रौढाच्या सुमारे ९० टक्के असतो. हा अग्रभाग मात्र पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. चुकलेल्या मुलास 'अक्कल नाही' म्हणणे शास्त्रास धरून नाही, आणि शिक्षकास शोभणारेही नाही.

सोलापूर–धुळे महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. चेंडू रस्त्यावर गेला की मूल मागे धावते. ट्रकचा विचार मागाहून येतो. येथे उपदेश निरुपयोगी. शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ आखावी, चेंडू पलीकडे टाकावा. मुलाने रेघेशी थांबून उजवीडावीकडे काय दिसते ते मोठ्याने सांगावे. हे रोज करावे, म्हणजे थांबणे हीच सवय होते. पहिली-दुसरीच्या मुलांस वाहनाचा वेग नीट अजमावता येत नाही. त्यांस मोठ्यांच्या सोबतीवाचून रस्ता ओलांडू देऊ नये.