पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात

"गावाकडं नव्वद टक्के होते हो. इथं येऊन एटीकेटी कशी लागली?" पालक दर वर्षी विचारतात, आणि मोबाइल, संगत, शहराची हवा ही उत्तरंही तेच देऊन टाकतात. मी मुलाला एकट्याला बसवून विचारतो, "मेस एक वेळची आहे का दोन वेळची?"

आमच्या शहरातल्या गारखेडा भागात सूतगिरणी चौकाच्या आसपास बीड, जालना, परभणीची पोरं तिघांत एक खोली करून राहतात. त्यातल्या एकानं खिशातून मेसचं कार्डच काढलं. दुपारच्या रांगेत खुणा, संध्याकाळची रांग अख्खी कोरी. दुपारच्या डब्यातल्या दोन पोळ्या तो रात्रीसाठी ठेवायचा. घरी बोलला नव्हता, कारण घरात कापूस भावाची वाट बघत पडून होता.

फी किती, यापेक्षा ती कधी भरायची, हा आपल्याकडचा खरा पेच. प्रवेश जून-जुलैत, खत-बियाणंही तेव्हाच. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे, आणि शेतातला पैसा तेव्हा अजून शेतातच. २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास आला. कापणीच्या आधी हात आखडलेला असताना आणि नंतर पैसा आल्यावर त्याच शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. आधीचे गुण कमी आले. माणसं तीच होती. विवंचनेनं डोक्यातली जागा अडवली होती. तेव्हा पोराचं लक्ष नाही म्हणता ते खरंच आहे, फक्त ते भाड्याच्या तारखेवर असतं.

म्हणून पालकांना माझं एकच मागणं: रक्कम थोडी असू द्या, तारीख ठरलेली असू द्या. कधी पाच हजार, कधी दोन महिने काहीच नाही, यानं अभ्यास मोडतो.

मुलांनो, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या आधीच काढा आणि बँक खातं आधारला जोडलंय का, ते बघा. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज योजनेत आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता वेगळा आहे, तो मात्र विसरतात. सरकारी वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना उत्पन्न आठ लाखांच्याच मर्यादेत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून माफ आहे. पण शिष्यवृत्ती उशिरा येते. तिच्या भरवशावर मेस लावू नका.

काम करायला हरकत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली 'कमवा आणि शिका' आपल्या विद्यापीठातही आहे. रात्री बारापर्यंत पार्सलं पोचवण्यात पैसे जास्त सुटतात, मात्र सकाळचं प्रॅक्टिकल जातं. ठरलेल्या वेळेचं दोन-तीन तासांचं काम मला बरं वाटतं, मग चार पैसे कमी मिळाले तरी.

त्या कार्डवाल्या मुलाच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते बराच वेळ कार्ड उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "दुधाचं बिल दर दहा दिवसाला येतं. ते याच्या खात्यावर लावतो." जाता जाता दारात थांबून पोराला विचारलं, "रात्री काय खात होतास रे?"