शेकोटी पेटलेली, टाकी मात्र गारठलेली

प्रश्न : पौषात मावसभाऊ पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन आला होता. गाडी कसली, चाकांवरची खोलीच. आत पलंग, ओटा, दिवे, सगळं. दोन्ही घरची माणसं मिळून नारायणगडाला दर्शनाला गेलो आणि रात्री गडाखाली ओळखीच्यांच्या शेतात मुक्काम केला. भावाकडे गॅसवर चालणारं शेकोटीचं कुंड होतं. पाच किलोची टाकी जोडायची, बटण दाबायचं, की जाळ. धूर नाही, राख नाही. पण दोनेक तासांत जाळ पार बसला. टाकी संपली म्हणावं, तर हलवल्यावर आत गॅस डुचमळत होता आणि खालच्या अर्ध्या भागावर पांढरं दव गोठलं होतं. चार हातांवर जाळ आणि टाकीवर बर्फ, हे कसं? भाऊ म्हणाला, गॅसमध्ये पाणी मिसळलेलं असणार. खरं आहे का? असलं कुंड गाडीच्या आत चालतं का? आणि कुंडातले काळे दगड फुटले, तर आपल्या माळावरचे टाकता येतील का?
— एक वाचक, बीड तालुका

उत्तर : पाणी कुणी मिसळलेलं नाही. टाकीवर गोठलं ते बाहेरच्या हवेतलं बाष्प. वितरकाच्या नावानं बोटं मोडायच्या आधी टाकीच्या पोटात काय चाललेलं असतं ते बघू.

टाकीत गॅस दाबाखाली द्रव करून भरलेला असतो. द्रवाच्या वर थोडी मोकळी जागा असते, तिथे वाफ साठते आणि नळीतून बाहेर जाते ती ही वाफ. ती गेली की आतला दाब उतरतो, मग द्रव उकळतो आणि गेलेल्या वाफेची भरपाई करतो. कॉक उघडा आहे तोवर टाकीत ही गार उकळी चालूच राहते. उकळी म्हटली की उष्णता लागणार. चुलीवरच्या पाण्याला ती जाळ देतो. टाकीतल्या द्रवाला मात्र ती पत्र्यातून, म्हणजे भोवतालच्या हवेतून ओढून घ्यावी लागते. माठाचं पाणी गार होतं त्यामागेही हेच आहे, झिरपलेलं पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं. तुमच्या टाकीनं तेच केलं, फक्त फार घाईत.

किती घाईत, ते आकड्यांत पाहा. परदेशात ट्रेलर घेऊन भटकणाऱ्यांमध्ये अशी कुंडं बरीच चालतात आणि त्यांतल्या अनेकांवर तासाला ५८,००० बीटीयू असा आकडा असतो. आपल्या भाषेत ते सतरा किलोवॅट झाले. स्वयंपाकघरातले सात-आठ बर्नर एकदम मोठे करून ठेवल्यासारखे. एक किलो गॅसमध्ये साधारण पावणेतेरा युनिट उष्णता असते, म्हणजे असं कुंड पूर्ण उघडलं तर तासाला सव्वा किलोहून जास्त गॅस खातं. हिशेबानं पाच किलोची टाकी पावणेचार तास जायला हवी. पण एवढा गॅस उकळायला द्रवाला सतत सव्वाशे-दीडशे वॅट उष्णता हवी असते. लहान टाकीचा पत्रा तो केवढा, आणि बाहेरची हवा पौषातल्या रात्रीची. हवा देते त्याहून उकळी जास्त घेते. मग द्रव स्वतःचीच ऊब खर्च करतो, थंड होत होत शून्याखाली उतरतो, पत्रा त्याच्याबरोबर उतरतो आणि पत्र्याला टेकलेल्या हवेतलं बाष्प तिथेच गोठतं. दव खालच्याच भागावर का, याचंही उत्तर यात आलं : द्रव तिथपर्यंतच होता. गॅस किती उरला हे बघायला घरोघरी बायका टाकीवरून ओलं फडकं फिरवतात आणि कुठवर उशिरा वाळतं ते बघतात, ती युक्ती याच तत्त्वावर चालते.

आता आत गॅस असून जाळ का बसला? प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, साधा ब्युटेन शून्याच्या अगदी जवळ, उणे अर्ध्या अंशाला. बर्फाळ मुलुखात टाक्यांमध्ये प्रोपेन भरतात तो यासाठी. उणे वीसमध्येही त्याला जोर असतो. आपल्याकडच्या एलपीजीत दोन्ही असतात आणि ब्युटेनचा वाटा बराच असतो. आपल्या हवेला ते योग्यच आहे, कारण तीस अंशांत ब्युटेनही उत्तम दाब देतो. पण दोघं एका टाकीत असले की प्रोपेन आधी निसटतो आणि तळाला ब्युटेन जास्त उरतो. हा उरलेला द्रव शून्याच्या आसपास आला की त्याचा दाब बाहेरच्या हवेइतकाच होतो. मग रेग्युलेटरनं पुढे ढकलायचं काय? डुचमळतोय, पण बाहेर यायला तयार नाही, अशी गत. सकाळी ऊन लागल्यावर तीच टाकी पुन्हा चहा करून देते. तुमच्याकडेही तसंच झालं असेल, नसेल तर करून बघा.

घरी हे कधी दिसत नाही, कारण घरची टाकी १४.२ किलोची, पत्रा मोठा, आणि एक बर्नर तासाला दीड-दोनशे ग्रॅमच घेतो. लग्नकार्यातल्या आचाऱ्याला विचारा, त्याला सगळं ठाऊक असतं. मोठ्या भट्ट्यांना लावलेल्या टाक्या पहाटे गारठतात, म्हणून तो त्या पाण्याच्या टबात उभ्या करतो. हात बुडवून ठेवता येईल इतकं कोमट पाणी असेल तर ठीक. मी काही ठिकाणी आधणाची किटली थेट टाकीवर ओतताना पाहिली आहे, ती मात्र जिवाशी गाठ. टाकी जाळाजवळ सरकवणं त्याहून वाईट. आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘तळाचा गॅस निघावा’ म्हणून टाकी आडवी करणं : मग वाफेऐवजी द्रवच नळीत येतो, द्रवाची वाफ होताना तो सुमारे अडीचशे पट फुगतो आणि कुंडातला जाळ माणसाच्या उंचीच्या वर जातो. उपाय साधा आहे, जाळ निम्मा ठेवा. टाकी पुरेल आणि जळेलही शेवटपर्यंत.

टाकी मोठी हवी म्हणून घरातली मात्र उचलून नेऊ नका. १४.२ किलोची टाकी घरगुती स्वयंपाकासाठी दिलेली असते, इतर कामाला ती वापरणं नियमाबाहेर आहे. पाच किलोची खुल्या विक्रीतली टाकी (इंडियन ऑइलनं तिला ‘छोटू’ नाव दिलं आहे) ओळखपत्र दाखवून मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. फिरतीवर असणाऱ्यांसाठी हीच सोयीची. बाजारात कोपऱ्याकोपऱ्यावर बारक्या टाक्या मोठ्या टाकीतून भरून देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एका टाकीतून दुसरीत गॅस ओतणं बेकायदा आहे, आणि असे स्फोट झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. परदेशातून मागवलेल्या कुंडाची नळी आपल्या टाकीच्या तोंडाला बसत नाही. भावानं मधे कुठला जोड लावला आहे ते एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. फडकं गुंडाळून घट्ट केलेला जोड असेल तर कुंड आजच बंद करा.

दगडांचा प्रश्न मला फार आवडला. कुंडात घालायला जे काळे, सच्छिद्र दगड विकतात ते ज्वालामुखीचे असतात. तुम्ही ज्या माळावर बसून हा प्रश्न काढलात, तो अख्खा माळच ज्वालामुखीचा! दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झाला. तेव्हा लाव्हा विकत का घ्यायचा, हा विचार बरोबर वाटतो. पण फरक असा की विकतचे दगड स्पंजासारखे आरपार भोकांचे, हलके आणि वाळवलेले असतात. आपला पाषाण बहुतेक ठिकाणी घट्ट. त्याच्या पोकळ्या असल्या तर त्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेल्या. विहीर खणताना निघणारे, फोडल्यावर आत चकाकणारे दगड पाहिले असतील. त्यांत झिओलाइट गटातली खनिजं असतात आणि त्यांच्या रचनेतच पाणी असतं; जळगाव, नाशिक, अहिल्यानगरकडची ही खनिजं जगभरच्या संग्रहालयांत आहेत. असा दगड जाळावर तापला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि वाट नसेल तर दगड तडकतो, कपचा डोळ्यापर्यंत उडतो. ओढ्यातले गुळगुळीत गोटे तर त्याहून धोक्याचे, कारण ते पाणी पिऊन बसलेले असतात. दगड विकतचेच घाला, ते पावसात भिजले असतील तर उन्हात वाळवून.

गाडीच्या आत कुंड चालतं का? नाही. यात काच थोडी उघडी ठेवू, दार लोटून घेऊ, असली तडजोडही नाही. बंद जागेत जाळाला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि झोपेत असलेला माणूस झोपेतच राहतो. दुसरा धोका टाकीचा. एलपीजी हवेहून जड असतो, गळला की वर न जाता गाडीच्या तळाला, पलंगाखाली साचतो. हवेत तो दोन टक्के झाला तरी ठिणगी पुरते. परदेशी गाड्यांमध्ये टाकीसाठी बाहेरून उघडणारा वेगळा कप्पा असतो आणि त्याला खाली जाळी, गळलेला गॅस रस्त्यावर उतरून जावा म्हणून. आपल्याकडे टेम्पो-ट्रॅव्हलरचं घर करून देणारे कारागीर पलंग झकास करतात, हा कप्पा विसरतात. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्याला आग लागून नऊ जण गेले. डब्यात चोरून आणलेली गॅसची टाकी होती, पहाटे चहाची तयारी चाललेली. यात्रा होती, माणसं आपल्यासारखीच होती. गॅसचा वास आला तर आधी कॉक बंद, मग माणसं बाहेर, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि १९०६ या क्रमांकावर फोन; हा गळतीसाठीचा देशभरचा क्रमांक आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो : असलं कुंड घ्यावं का? उबेच्या दृष्टीनं मला ते महागडं वाटतं. लाकडाच्या शेकोटीत निखारा पडतो आणि ऊब देतो तो निखारा. गॅसच्या जाळाची बरीचशी उष्णता सरळ आकाशात जाते. शेकोटीला पाठ करून बसा, घोंगडी पांघरा, तेवढ्याच पैशात रात्र निघेल. पण एक गोष्ट कुंडाच्या बाजूनं आहे आणि ती गडाच्या परिसरात महत्त्वाची आहे. पौष-माघात माळावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, लाकडाची एक ठिणगी वाऱ्यावर गेली की वणवा. गॅसच्या जाळातून ठिणगी उडत नाही आणि कॉक फिरवला की विस्तव संपला, मागे निखारा राहत नाही. अमेरिकेत कोरड्या दिवसांत लाकडं पेटवायला बंदी होते, तेव्हाही पुष्कळ ठिकाणी गॅसच्या कुंडाला मुभा असते, ती याच कारणानं. शिवाय नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. गर्दीच्या दिवशी, एकादशीला किंवा गडावर झालेल्या २०२४ च्या दसरा मेळाव्यासारख्या वेळी, तिथे कुठलाही जाळ नको. एरवीही संस्थानाला विचारल्याशिवाय आवारात काही पेटवू नये. शेत ओळखीच्यांचं होतं हे बरं केलंत.

आषाढीला गडाची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा दिंडीच्या ट्रकमध्ये टाक्या, शेगड्या, किराणा आणि राहुट्या एकत्रच असतात. पुण्याच्या गाडीला दिलेला सल्ला त्या ट्रकलाही लागू : टाकी उभी, दोरीनं बांधलेली, रेग्युलेटर काढून टोपी लावलेली, आणि टाक्या ठेवलेल्या फळीवर कुणी झोपायचं नाही.

प्रश्न : आम्ही कारखान्यावर ऊसतोडीला जातो. कोपीत लेकरांना थंडी वाजते. अशी गॅसची शेकोटी कोपीत ठेवता येईल का?
— एक वाचक, शिरूर कासार तालुका

उत्तर : कोपीत ठेवू नका. पाचटाची आणि ताडपत्रीची कोपी बुटकी असते. जाळ आणि छत यांत दोन हातांचंही अंतर राहत नाही, आणि दार लावलं की वर सांगितलेला विषारी वायू आहेच. शेकायचं ते बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाचटाच्या ढिगापासून लांब. लेकरांना आत घेताना विस्तव आत आणायचा नाही, शेगडीतले निखारेसुद्धा नाहीत. खाली पाचटाचा जाड थर आणि वर पोत्याची तळवट घातली तर जमिनीचा गारठा निम्मा तुटतो. थंडी वरून जेवढी येते त्याहून जास्त खालून येते.

स्वयंपाकाला मात्र गॅस जरूर घ्या. शेगडी दाराशी, उंचवट्यावर. टाकी शेगडीच्या खालच्या पातळीवर, उभी, जाळापासून नळीच्या अंतराएवढी लांब. ज्या घरात जोडणी नाही तिथल्या बाईच्या नावानं उज्ज्वला योजनेत ती मिळते. २०२१ ला सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांसाठी रेशन कार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल अशी तरतूद केली गेली, आणि १४.२ किलोऐवजी पाच किलोची टाकी मागता येते. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत न्यायला तीच सोपी.