नोंदवहींतील नांव शोधण्याचें साधन

दप्तर ठेवणें ही एक विद्या आहे आणि दप्तरांतून हवें तें काढणें ही दुसरी. पहिली आपल्याकडे पूर्वापार आहे. दुसरी मात्र बहुधा एखाद्या वृद्ध कारकुनाच्या स्मरणावर चालत आली. संगणकानें हें ओझें उचललें खरें, परंतु तो शोधतो कसा हें ठाऊक नसेल, तर त्याच्या 'आढळलें नाहीं' या उत्तरानें एखाद्या कुटुंबाचें मोठें नुकसान होऊं शकतें. म्हणून शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर ठेवूं इच्छिणारांनीं साधन कसें पारखावें, याचा विचार येथें करूं.

जालना जिल्ह्यांतील वाचकांस हा विषय केवळ पुस्तकी वाटूं नये. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्य शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि मराठवाड्यांतील जुन्या दप्तरांत 'कुणबी' अशा नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली कागद, जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांचीं जनरल रजिस्टरें, सर्व उघडण्यांत आलें. त्यांत मोडी होती, उर्दूही होती. त्या प्रश्नाच्या वादांत आम्ही शिरत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, पणजोबांच्या नांवासमोरील एका शब्दावर पणतवाचा दाखला अवलंबून असतो, आणि तो शब्द सांपडला नाहीं तर असून नसल्यासारखाच.

जुन्या पानांचीं छायाचित्रें संगणकांत भरलीं म्हणजे काम झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. छायाचित्रांतील अक्षर मनुष्यास दिसतें. यंत्रास ते काळेपांढरे ठिपके. छापील मजकूर ओळखणाऱ्या आज्ञावल्या निघाल्या आहेत, पण हस्ताक्षरांत, त्यांतून मोडींत, त्यांवर विसंबणें बरें नव्हे. कोणीतरी जाणत्यानें ओळ वाचून ती कोष्टकांत उतरावी लागते. प्रत्येक विद्यार्थ्यास एक आडवी ओळ. नांव, जन्मतारीख, गांव, जात यांस एकेक उभा रकाना. अशा कोष्टकांची शास्त्रशुद्ध मांडणी एडगर कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली, आणि आजचे बहुतेक माहितीसंग्रह, म्हणजे डेटाबेस, तीवरच उभे आहेत.

या संग्रहास प्रश्न विचारण्याची एसक्यूएल नांवाची भाषा आहे. ती शिकण्यास सवड नसणारांसाठीं, कोष्टकें पडद्यावर मांडून दाखविणारीं साधनें निघालीं. लहान शाळेस आम्ही 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' हें सुचवितों. तें विनामूल्य आहे, आणि सर्व संग्रह एकाच फाइलमध्यें राहत असल्यानें त्याची प्रत काढून दुसऱ्या जागीं ठेवणें सोपें जातें. त्यांत प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर शोधशब्द लिहिण्याची जागा असते. सर्व रकान्यांत एकदम शोधण्याचीही सोय आहे. अनेक कोष्टकांचा मोठा संग्रह सर्व्हरवर असेल तर 'पीएचपीमायॲडमिन' पाहावें; तें एक शब्द सर्व कोष्टकांतून धुंडाळून, कोणत्या कोष्टकांत किती ओळी मिळाल्या तें सांगतें.

या दोन्ही प्रकारच्या शोधांची गरज कां, हें आपल्या कुंभार पिंपळगांवच्या नांवावरूनच कळेल. सर्व रकान्यांत 'कुंभार' शोधा: ज्यांचें आडनांव कुंभार ते येतील, ज्यांची जात कुंभार ते येतील, आणि शिवाय अख्खें गांव येईल! रकाना नेमून शोधलें म्हणजेच गर्दी हटते. उलट, हवा असलेला शब्द कारकुनानें भलत्याच रकान्यांत लिहिला असेल, तर सर्वत्र शोधल्यावांचून गत्यंतर नाहीं.

खरी अडचण लेखनाची आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालीं शासनानें स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. म्हणून जुन्या वहींत 'पिंपळगांव' तर नव्या वहींत 'पिंपळगाव'. वाचकास दोन्ही एकच. यंत्रास अनुस्वार हें स्वतंत्र चिन्ह, त्यामुळें शब्दच निराळा. (प्रस्तुत लेख जुन्या वळणाचा असल्यानें 'गाव' शोधणारास यांतील गांवें सांपडावयाचीं नाहींत.) कोणी 'कुंभारपिंपळगाव' असें जोडून लिहितो, कोणी 'कुं. पिंपळगाव' असें आखडून. डीबी ब्राउझरच्या शोधजागेंत दोन तिरप्या रेघांमध्यें /कुंभार ?पिंपळगां?व/ असें लिहावें. प्रश्नचिन्हाचा अर्थ, त्याच्या लगेच आधींचें चिन्ह असो वा नसो. येथें एकदां मोकळी जागा आणि एकदां अनुस्वार. एवढ्यानें तीन-चार रूपें एका जाळ्यांत येतात. आखडलेलें रूप मात्र निराळेंच शोधावें लागतें. जातीच्या रकान्यांत कोणी 'कुणबी' ऐवजीं 'कु.' लिहून ठेविलें असेल, तर पूर्ण शब्द टंकून तें कधींच मिळणार नाहीं.

जिल्ह्याचेंही तसेंच. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. त्यापूर्वीं अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यांत होता व परतूर परभणींत. तेव्हां १९७० च्या दाखल्यांत जिल्हा म्हणून 'जालना' शोधणें व्यर्थ होय. शिवाय युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या टंकांत तयार केलेल्या याद्या पडद्यावर मराठी दिसल्या, तरी आंत बहुधा रोमन चिन्हेंच असतात. त्या प्रथम रूपांतरित करून घ्याव्या.

साधन पसंत करण्यापूर्वीं पालकांनीं व मुलांनीं मिळून एक परीक्षा घ्यावी. घरच्या जुन्या दाखल्यांतून दहा नोंदी, त्यांतील अशुद्धांसह, जशाच्या तशा कोष्टकांत उतराव्या, आणि त्या सर्व परत सांपडतात कीं नाहीं तें पाहावें. मूळ लेखन कोणीही सुधारूं नये, कारण कचेरींत पुरावा म्हणून तेंच लागतें. त्याच्या शेजारीं दुसरा रकाना काढून, त्यांत आजच्या नियमांप्रमाणें एकसारखें लिहिलेलें रूप भरावें. रोजचा शोध त्या रकान्यांत घ्यावा आणि मिळालेली ओळ मूळ पानाशीं ताडून पाहावी. त्याकरितां वहीचा व पानाचा क्रमांक देणारा तिसरा रकाना आरंभींच आंखून ठेवावा.