मेलेल्या गड्याचे काय करावे?

खेळाचे नियम कोणत्या विचाराने करतात, असा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आमच्या विद्यार्थ्यांनी आम्हांस विचारला. मौद्याचे मैदान चिखलाने भरले होते. म्हणून काही मुलांसह आम्ही संगणकावर 'काउंटर-स्ट्राइक' हा जुना खेळ खेळावयास बसलो. बंदुकांचा खेळ शिक्षकाने खेळावा काय, अशी शंका पालकांस येईल. ती आम्हांसही आली होती. परंतु आमचा हेतू नेम साधण्याचा नसून नियम पारखण्याचा होता.

'हाफ-लाइफ' नामक खेळात फेरफार करून मिन्ह ली व जेस क्लिफ या तरुणांनी हा खेळ १९९९ साली रचला; २००० साली व्हॉल्व्ह कंपनीने तो विक्रीस आणला. यात एक संघ स्फोटक पेरू पाहतो, दुसरा त्यास अडवितो. गोळी लागून पडलेला गडी डाव संपेपर्यंत केवळ प्रेक्षक होतो. त्यामुळे प्रत्येक जण जपून पाऊल टाकतो व सोबत्याची हाक ऐकतो. मात्र एका नवख्या मुलाची स्थिती निराळी झाली. तो प्रत्येक डावात आरंभीच पडे आणि उरलेला वेळ हात जोडून बसे. ज्याला सरावाची गरज अधिक, त्यालाच खेळ कमी मिळाला!

मग आम्ही १९९६ सालचा 'क्वेक' लावला. त्यात पडलेला गडी तत्काळ दुसरीकडे पुन्हा उभा राहतो. तो मुलगा हसू लागला. परंतु मरणाचे भय जाताच इतरांचा सावधपणाही गेला.

तेव्हा आम्हांस हुतूतूचे जुने प्रकार आठवले. गामिनीत मेलेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेर राहतो. अमरमध्ये तो मैदान सोडीत नाही, फक्त प्रतिपक्षास गुण मिळतो. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक जिवंत होतो. म्हणजे 'काउंटर-स्ट्राइक' गामिनीच्या कुळातला व 'क्वेक' अमरच्या! आजच्या कबड्डीत संजीवनीचा नियम आहे, आणि जो आधी बाद झाला तो आधी परततो. तेथे मरणाचे मोलही राहते व परतीची आशाही. शिवाय ती आशा सोबत्याच्या पराक्रमावर अवलंबून असल्याने बाहेर बसलेलाही मनाने खेळातच असतो.

'काउंटर-स्ट्राइक'च्या कर्त्यांनाही दुबळ्याचा विसर पडलेला नाही. त्यात शस्त्रे विकत घ्यावी लागतात, आणि लागोपाठ हरणाऱ्या संघास मिळणारी रक्कम काही मर्यादेपर्यंत वाढत जाते. परंतु ही दया संघावर आहे. एकट्या गड्यास बसावेच लागते.

पाऊस ओसरल्यावर आम्ही मुलांस लंगडीचा एक नियम बदलावयास सांगितले. त्या नवख्या मुलानेच तोड सुचविली: संघातील गडी ठराविक वेळ टिकले, तर प्रथम बाद झालेल्याने परत यावे. डाव लांबले व चपळ मुले थोडी कुरकुरली, हे खरे. पण रेषेबाहेर बसलेली मुले आता ओरडून सोबत्यांस धीर देऊ लागली.

विद्यार्थ्यांनी कोणताही नवा खेळ पारखताना प्रथम जिंकणाऱ्याकडे पाहू नये. बाद झालेला गडी कोठे बसला आहे व काय करीत आहे, ते पाहावे.