ठाण्याच्या खाडीवर एक दिवस

भूगोलाच्या पुस्तकात 'खाडी' ह्या शब्दाची व्याख्या आपण सर्वांनी पाठ केलेली असते. समुद्राचा जो फाटा जमिनीत आत शिरतो, ती खाडी. व्याख्या खोटी नाही. परंतु ती पाठ असलेला मनुष्य खाडीवर गेला असता किती गोंधळतो, ह्याचा अनुभव प्रस्तुत लेखकास गेल्या माघ महिन्यात आला. तो जसा घडला तसा येथे सांगण्याचे योजिले आहे.

सुटीचा दिवस होता. ठाण्याच्या खाडीत थंडीच्या दिवसांत उतरणारे रोहित पक्षी पाहावयाचे, असा मुलांचा कित्येक दिवसांचा हट्ट होता. ह्या पक्ष्यांना कोणी अग्निपंख म्हणतात, तर इंग्रजी नावावरून फ्लेमिंगो हे नाव आता सर्वतोमुखी झाले आहे. खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग २०१५ साली सरकारने त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून राखून ठेविला. मालवणच्या सागरी अभयारण्यानंतर अशा तऱ्हेचे आपल्या राज्यातील हे दुसरेच. ऐरोली येथे वनखात्याचे केंद्र असून तेथून होडीने पक्ष्यांपर्यंत जाता येते. सकाळी लवकर जावे, ऊन चढण्यापूर्वी होडीत बसावे आणि दुपारी जेवावयास घरी यावे, असा मी बेत आखला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, ह्यांनी आपल्या तरुणपणी काही वर्षे ह्याच खाडीच्या पश्चिम काठावरील एका मिठागरावर हिशेबनिसाचे काम केले होते. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात व दृष्टीही मंदावली आहे. त्यांनी घरीच विश्रांती घ्यावी असे मी सुचविले होते. पण सकाळी पाहतो तो टोपी घालून, काठी घेऊन ते ओसरीवर बसलेले. माझा बेत ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, "अरे, आज वद्य षष्ठी. साडेदहा-अकराच्या सुमारास खाडी कोरडी पडेल. होडी काय चिखलावरून ओढणार आहेस?"

"आप्पा, तो जुना काळ गेला. आता यांत्रिक होड्या आहेत," असे मी उत्तर दिले, आणि ते जरा तोऱ्यातच दिले हे कबूल केले पाहिजे.

साडेदहा वाजता आम्ही ऐरोलीस पोहोचलो. धक्क्याखाली पाणी नव्हतेच म्हटले तरी चालेल. राखी रंगाचा, उन्हात चकाकणारा चिखल दूरवर पसरलेला आणि मधोमध पाण्याचा एक अरुंद पट्टा. तिकिटाच्या खिडकीवरील गृहस्थांनी सौजन्याने सांगितले की होडी दोन वाजता सुटेल. भरती-ओहोटी पाहून वेळ रोज बदलते, ती आधी विचारून यावयास हवे होते. धाकटी रडकुंडीस आली. मुलांच्या आईने माझ्याकडे एकदा पाहिले. आप्पा मात्र काही बोलले नाहीत; ते सावलीतल्या बाकावर जाऊन बसले. ते काही बोलले असते तर मला अधिक बरे वाटले असते.

साडेतीन तास कसे घालवावे, हा प्रश्न होता. परंतु ओहोटीच्या वेळी आलो म्हणूनच जे पाहावयास मिळाले, ते भरतीस आलो असतो तर पाण्याखाली राहिले असते. तिवरांच्या बनातून लाकडी पायवाट केलेली आहे. तिच्यावरून खाली पाहिले की चिखलातून वर आलेली हजारो बारीक मुळे दिसतात, जणू कोणी पेन्सिली उलट्या रोवून ठेविल्या आहेत. झाडाचे मूळ खाली जाते असे आपण शिकतो. मग ही वर का आली? कारण असे की ह्या चिखलात हवेचा शिरकाव जवळजवळ नाही. मुळांना तर श्वासोच्छ्वास हवा. म्हणून तिवर आपली काही मुळे चिखलाबाहेर काढते आणि ओहोटीच्या काही तासांत त्यांवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत घेते. दुसरी अडचण मिठाची. तिवराच्या पानांत मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. थोरल्याने एका पानाला जीभ लावून पाहिली व तोंड वाकडे केले. पान खरोखरच खारट होते. अशाच खाऱ्या पाण्यात वाढणारी पांढरी चिप्पी हिला २०२० साली महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष ठरविण्यात आले.

चिखल निर्जीव दिसतो; पण पाच मिनिटे हालचाल न करता उभे राहावे, म्हणजे तो जागा होतो. प्रथम निवट्या बाहेर आल्या. हा मासा पाण्याबाहेर कातडीतून व तोंडाच्या आतील ओलसर अस्तरातून हवा घेतो आणि पुढल्या परांच्या आधाराने चिखलावर चक्क सरपटतो. मग बिळाबिळांतून लहान खेकडे निघाले. त्यांतील नराची एक नांगी अंगाच्या मानाने केवढी तरी मोठी असते, व ती तो सारखी वर-खाली हलवीत असतो. "बाबा, हा आपल्याला बोलावतो आहे," असे धाकटी म्हणाली. तो मादीला बोलावीत होता व दुसऱ्या नरांना दटावीत होता. पण तिची कल्पना मोडण्याचे कारण मला दिसले नाही. तिचे रडे कधीच थांबले होते.

परत आलो तो थोरला, जो आमच्यातून मध्येच नाहीसा झाला होता, आजोबांपाशी वही उघडून बसलेला दिसला. आप्पा त्याला भरतीचे गणित शिकवीत होते. कोकणच्या किनाऱ्यावर हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तिथीचा जो अंक असेल त्याची पाऊणपट करावी. जी संख्या येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारला भरती, पहाटेही त्याच सुमारास, आणि त्यांच्या मध्ये, सुमारे सव्वासहा तासांच्या अंतराने, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, द्वादशीला नऊला. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावयाचे. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे चंद्र व सूर्य ह्यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमारास ती काटकोनात येते, तेव्हा पाणी थोडेच चढते व थोडेच उतरते, त्याला भांगाची भरती म्हणतात. मिठागराचे सारे काम ह्यावर अवलंबून. उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे आणि ते उतरण्यापूर्वी उघाडी बंद करावयाची. ती वेळ चुकली तर पुढच्या उधाणापर्यंत वाट पाहावी लागे.

माझ्यातला शिक्षक स्वस्थ बसेना. मी म्हटले, "आप्पा, पाऊणपट बरोबर नाही. चंद्र माथ्यावर येण्याची वेळ पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंतच्या पंधरा तिथींत बारा तासांनी पुढे सरकते. बाराला पंधराने भागले तर एका तिथीस चार पंचमांश तास, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे येतात. तुमच्या हिशेबात पंचेचाळीसच धरली आहेत. अमावास्येपर्यंत पाऊण तासाची चूक होईल."

थोरल्याने लगेच दोन्ही रीतींनी कोष्टक मांडले. चूक खरोखरच पाऊण तासाची निघाली, आणि तो आजोबांकडे पाहू लागला.

"होईल ना," आप्पा शांतपणे म्हणाले. "पण ती कोणत्या बाजूची होईल ते पाहा. पाऊणपटीने येणारी वेळ नेहमी खऱ्या भरतीच्या आधीची. उघाडीवर जो आधी येऊन उभा राहील त्याचे काय जाणार? थोडा वेळ. जो उशिरा येईल त्याचे पाणी जाते. शिवाय पाऊणकी आम्हाला तोंडपाठ होती. चार पंचमांश कोण करीत बसतो?"

ह्यावर मजपाशी उत्तर नव्हते. सकाळच्या बोलण्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी काठीने वहीकडे खूण केली व म्हणाले, "त्याला सप्तमीचे करू दे."

दोन वाजता पाणी धक्क्याला लागले होते. होडीला पाणी हवे आणि पक्ष्यांना चिखल हवा, तेव्हा दोघांचेही साधेल अशी ही मधली वेळ असते. आप्पांना दोघा नावाड्यांनी हात देऊन पुढच्या बाकावर बसविले. होडी दक्षिणेकडे निघाली. डावीकडे नवी मुंबईच्या इमारती, उजवीकडे मुलुंड-भांडुपचा काठ. दोहों बाजूंस तिवरांची हिरवी भिंत. थोड्या वेळाने पुढे गुलाबी रंगाचा एक लांबच लांब पट्टा दिसू लागला. नावाड्याने यंत्र बंद केले.

हजारो पक्षी उथळ पाण्यात माना खाली घालून उभे होते. इतर पक्षी चोच खाली करून टिपतात. रोहित डोके पुरते उलटे करून वरचा जबडा खाली आणतो. त्याची जाड जीभ दट्ट्याप्रमाणे मागेपुढे होऊन पाणी आत ओढते व बाहेर ढकलते, आणि चोचीच्या कडांवरील बारीक दातऱ्यांच्या चाळणीत अन्न अडकते. येथे ह्यांच्या दोन जाती येतात. थोरला रोहित उंच, पांढुरका, गुलाबी चोचीच्या टोकाशी काळा. तो चिखल ढवळून लहान कवचधारी जीव, कीटक इत्यादी खातो. धाकटा रोहित बुटका व अधिक गडद रंगाचा, त्याची चोच काळसर तांबडी. त्याची चाळणी इतकी बारीक की तो पाण्यातील सूक्ष्म शैवालच गाळून खातो. त्या अन्नातील गाजरासारख्या रंगद्रव्यानेच पिसांस गुलाबी छटा येते. पिले राखी असतात आणि रंग चढावयास त्यांना काही वर्षे लागतात. त्यांची घरटी मात्र येथे नाहीत; कच्छच्या रणात चिखलाचे ओटे रचून प्रत्येक जोडपे एकेक अंडे घालते. २०२२ साली येथील काही पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली लहान यंत्रे बसविण्यात आली, तेव्हा पावसाळ्याच्या सुमारास त्यांतील काहींनी गुजरातची वाट धरल्याचे दिसून आले. आणि हो, त्यांचा गुडघा मागे वळतो असे जे आपणास वाटते, तो गुडघा नव्हे, घोटा होय. गुडघा वर पिसांत दडलेला असतो.

आप्पांना पक्षी निरनिराळे दिसत नव्हते. "तांबूस रेघ दिसते. आवाज मात्र हंसांसारखा येतो आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मी येथे असताना हे नव्हते. मासा होता. खाडीही रुंद होती."

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. हे थवे इतक्या मोठ्या संख्येने येथे येऊ लागले ते १९९० नंतरच्या काळात. पुढे काही वर्षी त्यांची संख्या लाखावर गेल्याचे अंदाज आहेत. ते का आले, ह्याविषयी अभ्यासकांचे जे मत आहे ते ऐकून धाकटी गोंधळली. दोन्ही काठांवरील शहरांचे सांडपाणी खाडीत येते. त्यातील खतासारख्या द्रव्यांवर शैवाल माजते व ते धाकट्या रोहिताचे अन्न होते. जी घाण कोळ्याच्या जाळ्यातला मासा नाहीसा करते, तीच ह्या पाहुण्यांचे ताट वाढते.

"मग पाणी स्वच्छ केले तर पक्षी जातील का?" तिने विचारले.

मी खरे ते सांगितले. थोडे शैवाल जगविणे वेगळे आणि पाण्यातील प्राणवायू संपेपर्यंत घाण सोडणे वेगळे. घाण वाढतच गेली तर शैवालही विषारी होऊ शकते. शिवाय पक्ष्यांना केवळ अन्न पुरत नाही. भरतीच्या वेळी विसावण्यास उथळ तळी लागतात, आणि शहरे वाढू लागली की प्रथम बुजविली जातात ती तळीच. गाळ साचून खाडी उथळ होते, त्या गाळावर तिवर पसरते, आणि चरण्याचा उघडा चिखल कमी होतो. म्हणजे तिवरही एका परीने पक्ष्यांची जागा घेते, तरी तिवर तोडून चालत नाही, कारण काठ तेच धरून ठेवते. २०२२ साली ही खाडी रामसरच्या यादीत गेली. पाणथळ जागांविषयीचा हा करार १९७१ साली इराणातील रामसर गावी झाला. नाव यादीत गेले म्हणजे जागा वाचलीच, असे मात्र नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर एका विमानाची थव्याला धडक बसली आणि पस्तीसहून अधिक रोहित मेले. हे मुलांस सांगावे की नाही, असा मला क्षणभर विचार पडला, मग सांगितले.

ह्या सर्व बोलण्याचे नावाड्यास हसू आले असावे. "मासा गेला, पाखरू आले. आता पाखराच्या जिवावर होडी चालते," एवढेच तो म्हणाला, आणि त्याने यंत्र सुरू केले. त्या आवाजाने जवळचा थवा पाण्यावर चार पावले धावला व उठला. बसलेला पक्षी फिका दिसतो. पंख उघडताच आतला लालभडक रंग आणि काळी किनार झळकते. अग्निपंख हे नाव कोणी व का दिले असेल, हे तेव्हा कळते. आप्पांनी टोपी काढून हातात धरली आणि थवा वळेपर्यंत ते वर पाहत राहिले.

घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. थोरल्याने पंचांग काढून पुढल्या सुटीच्या दिवसाची तिथी पाहिली. तृतीया होती. पाऊणपटीने भरती सव्वादोनला येते, चार पंचमांशांनी दोन वाजून चोवीस मिनिटांनी. म्हणजे होडी पावणेबाराच्या सुमारास मिळावी. त्याने दोन्ही वेळा लिहिल्या आणि सव्वादोनखाली रेघ मारली.