पिवळा रंग व निसर्गाभ्यासातील चित्रे

पावसाळ्याच्या अखेरीस मुळशीच्या डोंगरउतारांवर सोनकी फुलते आणि सडे पिवळेधमक होतात. या दिवसांत वर्गास फुलाचे चित्र काढावयास सांगितले असता बहुतेक वह्यांत एकच आकृती उमटते : मध्ये वाटोळा ठिपका, भोवती पाच सारख्या पाकळ्या व सर्वत्र एकसारखा पिवळा रंग. सोनकी, कवला आणि झेंडू यांत काही भेद राहत नाही. मूल फुलाकडे न पाहता फुलाची ठरीव खूण गिरवीत असते. ही सवय मोडून डोळ्यांना शिस्त लावणे, हा निसर्गाभ्यासातील चित्राचा मुख्य हेतू होय.

अशा चित्रांचे एक उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. मुळशीहून वाहत येणाऱ्या मुळेस जेथे पवना मिळते, त्या दापोडीस 1828 साली सरकारी वनस्पती-उद्यान स्थापन झाले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून तेथील वनस्पतींची सुमारे 170 चित्रे करवून घेतली. ते उद्यान पुढे बंद झाले. चित्रकाराचे नावही मागे राहिले नाही. चित्रे मात्र एडिंबरो येथील वनस्पती-उद्यानात आजही सुरक्षित आहेत. कागदात दाबून वाळविलेल्या फुलाचा आकार राहतो, परंतु रंग बहुधा उतरतो. म्हणून ताजे फूल समोर ठेवून केलेल्या रंगीत चित्रास शास्त्रात मोल आहे.

रंगद्रव्ये. पूर्वी पिवळ्या रंगासाठी हरताळ, पिवळी माती, काही झाडांचा चीक आणि हळद यांचा उपयोग होत असे. पोथी लिहिताना चूक झाल्यास लेखक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. हरताळ हे सोमलयुक्त विषारी खनिज असल्याने ते वर्गात आणू नये. हळद मात्र घरोघरी असते. हळदीच्या पाण्याने कागदाच्या दोन पट्ट्या रंगवाव्यात. एका पट्टीवर शिक्षकांनी स्वतः चुन्याच्या निवळीचा थेंब टाकावा. तेथे तांबडा डाग पडेल. दुसरीचा अर्धा भाग झाकून ती आठ दिवस उन्हात ठेवावी. उघडा भाग फिका पडलेला दिसेल. हळदीचे चित्र का टिकत नाही, हे मुलांना यावरून आपोआप कळेल.

रंगविण्यातील अडचण. पांढऱ्या कागदावर फिका पिवळा रंग उठून दिसत नाही, आणि सावलीसाठी काळा मिसळल्यास तो हिरवट व मळकट होतो. यास्तव सावलीच्या जागी थोडा तपकिरी रंग पातळ करून द्यावा. फुलामागे गर्द हिरवे पान असेल तर तेही काढावे, म्हणजे पाकळीची कड स्पष्ट होते. रंग भरण्यापूर्वी पेन्सिलीने आकृती पूर्ण करून भाग मोजून घ्यावेत.

काय पाहावे. सोनकीचे 'फूल' म्हणजे अनेक लहान फुलांचा गुच्छ आहे. बाहेरची प्रत्येक 'पाकळी' हे एक स्वतंत्र फूल असते. ते सुईने वेगळे करून दाखवावे. कवल्याची भाजी मुलांनी खाल्लेली असते, परंतु त्याच्या फुलाची घडण वाटाण्याच्या फुलासारखी आहे, हे थोड्यांच्याच लक्षात आलेले असते. काळ्या मुसळीचे फूल जमिनीलगत सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखे उमलते. उन्हाळ्यात बहाव्याचे झुंबर आणल्यास पाच पाकळ्या व दहा पुंकेसर मोजावयास लावावेत. त्यांतील तीन लांब व वाकडे असतात.

पावसात कुजक्या लाकडावर आणि पाचोळ्यात पिवळ्या रंगाची अळंबी आढळते. तिचा रंग व आकार काही तासांतच बदलतो, म्हणून तिचे चित्र जागेवरच काढावे. कोणतीही रानअळंबी मुलांनी चाखू नये. रंगावरून विषारी व निर्विष अळंबी ओळखता येत नाही, हे निक्षून सांगावे.

प्राण्यांत हळद्या हा पक्षी सर्वांस परिचित आहे. नराचे अंग सोनपिवळे, पंख काळे व डोळ्यातून जाणारी काळी रेघ. मादी हिरवट असते. दोघांची चित्रे शेजारी काढवावीत. पहिल्या मोठ्या पावसात डबक्याकाठी मोठ्या बेडकाचे नर एकाएकी पिवळेजर्द होतात आणि गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. विणीचा काळ संपताच हा रंग ओसरतो. ज्या चित्राखाली तारीख नाही, ते चित्र म्हणूनच अपुरे होय. येथे मुलांना एक प्रश्न विचारावा : हळद्या, बेडूक व गांधीलमाशी या तिघांनाही पिवळा रंग कशासाठी? बेडकाच्या नरास तो मादीचे लक्ष वेधण्यास उपयोगी पडतो, तर गांधीलमाशीचे पिवळे-काळे पट्टे शत्रूस दूर राहण्याची सूचना देतात. रंग एकच, कार्ये मात्र भिन्न.

नोंद. प्रत्येक चित्राखाली स्थानिक नाव, जागा, तारीख, प्रत्यक्ष माप आणि चित्र काढणाऱ्याचे नाव लिहावे. पुष्कळ फुले तोडू नयेत. एका वर्गास एक फांदी पुरते. मुळशी खोऱ्यातील ज्या जमिनींसाठी 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्या आज जलाशयाच्या पाण्याखाली आहेत. तेथल्या बांधांवर कोणती फुले कोणत्या पंधरवड्यात उमलत, हे आता जाऊन पाहता येत नाही. जे उतार व सडे आज डोळ्यांसमोर आहेत, त्यांची नोंद शाळेस सहज ठेवता येईल. त्यासाठी दरवर्षीची निवडक चित्रे एका फायलीत क्रमाने लावावीत. सोनकी यंदा केव्हा फुलली व गेल्या वर्षी केव्हा, याची तुलना पुढील वर्षाच्या मुलांनी त्या फायलीवरूनच करावी.